चोवीस वाट्यांचं वाण

दुबईतल्या चिनी मार्केटला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. आमच्या ओळखीतली बरीच मंडळी नाकं मुरडतात, तिथला माल टिकत नाही म्हणतात, आणि दर दोन महिन्यांनी तिथेच सापडतात. मी उघडपणे जाते. अबुधाबीला अल रीम आयलंडवर एकविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईच्या दारात भाजीवाला येत नाही, बोहारीण येत नाही, भांडायला म्हणून कोणी मिळत नाही. त्या लांबलचक मार्केटात नळाच्या वॉशरपासून सोफ्यापर्यंत सगळं असतं, आणि मुख्य म्हणजे चीनहून आलेली माणसं स्वतः गल्ल्यावर बसलेली असतात. त्यांच्याशी घासाघीस करता येते. तेवढ्यासाठी मी दीड तास गाडी चालवते.

त्या जानेवारीत आई माझ्याकडे आली होती. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत आई कोणाच्याही हळदीकुंकवाला गेली नव्हती. पुण्यातल्या सोसायटीत तिला कोणी बोलावत नसे, आणि बोलावलं असतं तरी ती गेली नसती. हे फोनवर कळलं की माझं डोकं फिरायचं. जिनं चाळीस वर्षं संक्रांतीला अख्ख्या सोसायटीला वाण लुटलं, तिनं त्या संध्याकाळी दार लावून टीव्ही बघायचा. म्हणून मी मुद्दाम तिचं जानेवारीचं तिकीट काढलं. माझ्या घरी हळदीकुंकू होईल आणि आई हॉलमध्ये सगळ्यांच्या मधोमध बसेल, असं मी ठरवून टाकलं होतं. मैत्रिणींनाही मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की आमच्याकडे असलं काही पाळत नाहीत. घटस्फोट झालेली येते, लग्न न केलेली येते, ऑफिसातली वसईची कॅथलिक मैत्रीण तर दरवर्षी नटून येते. फक्त आईशी यातलं अवाक्षर बोलले नव्हते. वेळ आली की हाताला धरून बसवू, असा माझा बेत.

वाण आणायला निघालो तेव्हा माझी लेक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, “आजी, जस्ट ऑर्डर इट ऑनलाइन.”

“वाण हातात घेऊन बघावं लागतं,” आई म्हणाली आणि पर्स काखेला मारून लिफ्टपाशी जाऊन उभी राहिली.

तीन दुकानं तिनं नापास केली. चौथ्यात झाकणाच्या चिनी मातीच्या वाट्या होत्या, पांढऱ्या, अंगावर निळा मासा. दुकानवाली साधारण आईच्याच वयाची, केस कानापर्यंत कापलेले, गुडघ्यांवर शाल, थर्मासमधलं गरम पाणी पीत बसलेली. आईनं एक वाटी तळहातावर ठेवली, वाकड्या बोटानं टिचकी मारली आणि कान दिला. दुसरी, तिसरी. चौथी बाजूला ठेवली. “हिला चीर गेलीय.” मी वाटी उलटीपालटी करून पाहिली, मला काही दिसेना. दुकानवाली उठली, तिनं तीच वाटी घेऊन टिचकी मारली, ऐकलं, आईकडे एकदा नीट पाहिलं आणि वाटी काउंटरखाली टाकली. मग आतून न फोडलेला खोका आणला. पुढची दहा मिनिटं दोघी समोरासमोर बसून टिचक्या मारत होत्या आणि मी पर्स धरून उभी होते.

भाव करायला मात्र दोघी तयारीनं बसल्या.

“फाइव दिरहम, मम्मा. गुड क्वालिटी.”

“पाच दिरहम म्हणजे सव्वाशे रुपये. एवढ्याशा वाटीला?” आई सरळ मराठीत म्हणाली आणि कॅल्क्युलेटरवर अडीच टाइप केलं. दुकानवालीनं ते पुसून परत पाच केलं. असं चारदा झालं.

मग आईनं तुळशीबागेतलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. हातातली वाटी ठेवली, पदर सारखा केला, “चल गं” म्हणाली आणि निघाली. नियम असा, की दहा पावलांच्या आत मागून हाक येते. दहा झाली, वीस झाली. हाक काही येईना. आई दाराच्या मुठींच्या दुकानासमोर थांबली आणि जन्मात कधी न लागणाऱ्या मुठी बराच वेळ बघत राहिली. “बोलावत नाही गं ही,” ती हळूच म्हणाली. चेहरा अगदी उतरला होता.

“मी जाऊन पाचनं घेऊन येते.”

“खबरदार.”

शेवटी आम्ही पूर्ण गल्लीला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूनं, जणू ते दुकान आत्ताच दिसलंय अशा थाटात शिरलो. दुकानवालीनं खोका उचललाही नव्हता. काउंटरवर गरम पाण्याचा दुसरा ग्लास भरून ठेवलेला होता. “कम, मम्मा. थ्री अँड हाफ. खलास.” आईनं ग्लास घेतला, दोन घोट प्यायली आणि मान डोलावली. इतकी खूश मी तिला दोन वर्षांत पाहिली नव्हती.

मी मोबाइलमधली यादी उघडून चोवीस सांगितल्या. एकेक वाटी कागदात गुंडाळता गुंडाळता दुकानवालीनं विचारलं, “व्हाय ट्वेंटी फोर? रेस्टॉरंट?”

आमचा सण आहे, बायका घरी येतात, प्रत्येकीला एक भेट द्यायची, असं मी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये समजावलं. तिला ते पटलं. मग तिनं आईकडे बोट दाखवलं. “मम्मा ऑल्सो लेडी. मम्मा इन्साइड ट्वेंटी फोर?”

मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. आई त्यात नव्हती. ती घरचीच, म्हणून राहिली असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खरं नव्हतं. वाणाच्या याद्या मी लहानपणापासून बघत आले होते, त्यांत नवरा गेलेली बाई कधी नसे, आणि माझ्या हातानं बिनबोभाट तीच यादी लिहिली होती. इतका तोरा मिरवून झाल्यावर. मला स्वतःची शरम वाटली.

“नो नो. आय नो नीड,” आई हसत हात हलवत म्हणाली.

“ट्वेंटी फाइव,” मी म्हणाले.

“उगाच काहीतरी बोलू नकोस,” आई मराठीत, खालच्या आवाजात म्हणाली. “चोवीसच घे.” एरवी कोणाशीही भांडणारी मी, मुकाट्यानं चोवीसचे पैसे देऊन खोका उचलला.

तिळगुळासाठी चिक्कीचा गूळ घ्यायचा होता म्हणून गाडी भारतीय दुकानांच्या बर दुबईकडे घेतली. रास अल खोरची गोदामं सुरू झाली. मग मी विचारलं, “आई, हळदीकुंकवाच्या दिवशी तू कुठे बसणार होतीस?”

“खाली. पाण्याजवळ बाक आहे ना, तिथे. संध्याकाळी वारा छान असतो. तुझं सगळं करून देईन आणि जाईन.”

“तू बाक बघून ठेवलास?”

“मी कशाला बघत्येय? नवव्या मजल्यावरच्या त्या सोलापूरच्या बाईंनी दाखवला. सुनेकडे असतात ना त्या. दर संक्रांतीला तिथेच बसतात म्हणे, तीन वर्षं झाली. यंदा सोबत झाली, म्हणाल्या.”

त्यांची सून माझ्या यादीत तिसरी होती. तिन्ही वर्षं ती माझ्याकडे आली, वाण घेऊन गेली, आणि तुझ्या सासूबाई कुठे आहेत असं मी एकदाही विचारलं नव्हतं.

“आई, माझं चुकलं. तू वर बसायचंस. मला तू समोर हवी आहेस.”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मी वर बसले तर त्या एकट्या पडतील गं खाली.”

“मग त्यांनाही आणू.”

“तुझ्या बोलावण्यानं नाही यायच्या.” मग ती म्हणाली, “मी बोलावलं तर येतील.” आणि थोड्या वेळानं, “गाडी वळव.”

दुबईत गाडी वळवणं सोपं नाही. दोन एक्झिट चुकून, एका सिग्नलला हॉर्न खाऊन आम्ही अर्ध्या तासानं परत त्या दुकानात शिरलो. आम्हाला बघून दुकानवालीच्या कपाळाला आठ्या पडल्या, माल परत करायला आल्या असं तिला वाटलं असणार. “व्हॉट प्रॉब्लेम, मम्मा?”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं माझा हात दाबला. तिनं दोन बोटं वर केली.

“टू मोअर,” ती म्हणाली. “वन माय फ्रेंड.”

मग हात स्वतःच्या छातीवर ठेवून म्हणाली, “वन मी.”