तिसऱ्या सुरापाशी

आमच्या गावाहून, मार्गासनीहून, सखारामकाका आले तेव्हा मी शाळेत मुलींकडून पाढे म्हणून घेत होते. काका दारातच उभे राहिले, पागोटं हातात. एवढ्या लांबून माणूस येतो आणि उंबरा ओलांडत नाही, तेव्हा निरोप काय ते कळतंच. तरी मी विचारलं, "रघूचा ताप उतरला न्हवं?" काका म्हणाले, "चल पोरी... लई उशीर झालाय." रघू माझा धाकटा भाऊ. भातकापणीला म्हणून गावी गेला आणि विषमज्वरानं पंधरवड्यात आटोपला. अठरा वर्षांचा होता हो! त्याला आता दीड महिना झाला. पण मला लिहायचंय ते त्याच्या दुखण्याबद्दल नाही, त्याच्या गिटारीबद्दल. हसू नका. भोरात गिटार म्हटलं की सगळे हसायचेच.

मी लवकर विधवा झाले, चार इयत्ता शिकले आणि भोरला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. रघू इंग्रजी शाळेसाठी माझ्याकडे राहायला आला. संस्थानच्या बँडात पेद्रूमास्तर म्हणून एक गोव्याचे गृहस्थ होते. संध्याकाळी ओट्यावर बसून गिटार वाजवायचे. रघूनं ती ऐकली आणि पोरगं पार खुळावलं. मास्तरांकडे पोटाला तडा गेलेली एक जुनी गिटार पडून होती, ती त्यांनी त्याला दिली. त्या बदल्यात आम्ही अधूनमधून गावचा आंबेमोहोर तांदूळ पोचवायचो. मास्तरांची अट एकच: आधी नुसते सूर. सा पासून वर जायचं, खाली यायचं, दांडीवरच्या पितळी पट्ट्यांमध्ये एकेक बोट नेमून. हात तयार झाल्याशिवाय गाणं नाही.

झालं! रोज सकाळी माझी भाकरीची वेळ आणि ह्याची सुरांची. मी परातीत भाकरी थापायची, तो चुलीपलीकडे भिंतीला टेकून माझ्या थापेवर एकेक सूर वाजवायचा. पहिल्या वर्षी तर मला रडू यायचं. "अक्का, जरा दमानं थाप की! माझी बोटं मागं राहत्यात." म्हणजे याच्या बोटांसाठी मी शाळेला उशीर करायचा! तरी दमानं थापायची. मी भाकरी तव्यावर टाकायला उठले की तो हात थांबवून वाट बघायचा आणि पुढची थाप पडली की जिथं सोडलं होतं तिथूनच पुढे जायचा. दुसऱ्या वर्षी त्याचे सूर घासलेल्या भांड्यासारखे लख्ख झाले. तिसऱ्या वर्षी म्हणू लागला, "आता तू चाल गं भराभर." मीच मागे पडायला लागले.

मग विलायतेतल्या लढाईमुळे गिटारीच्या तारा मिळेनात. एक तुटली तर ह्या पठ्ठ्यानं पिंजाऱ्याकडून कापूस पिंजायच्या धनुकलीची तात मागून आणली आणि तीच चढवली. बोटाएवढी जाड वाटायची मला ती. आणि तेव्हापासून काय बिघडलं कुणास ठाऊक, इतका तयार झालेला मुलगा तिसऱ्या सुरापाशी अडखळायला लागला. सा नीट, रे नीट, ग आला की कळवळल्यासारखा वाकडा. परत, परत, परत. मधल्या बोटाला चीर पडली, मी हळद भरली. मी म्हणायची, "अरे, सोड तो सूर, एखादं गाणं वाजव. चार वर्षं ऐकतेय, बहिणीसाठी एक गाणं न्हाई होय तुझ्याकडं?" तो नुसता हसायचा. गावी निघाला त्या सकाळी मला खरोखरच राग आला. म्हटलं, "रोज त्याच जागी शेण खातोस!" तो पिशवी खांद्याला लावत म्हणाला, "परत आलो की बघ." माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं ते.

तेराव्यानंतर मी भोरला परतले, तेव्हा पेद्रूमास्तर आले. खुंटीवरची गिटार बघून खाली बसले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही भाकरी करताना गुणगुणता ना? भातलावणीचं काहीतरी?" मी ओशाळले. आईचं गाणं ते, चिखलात वाकून म्हणायचं. मास्तर म्हणाले, "त्यातला तिसरा सूर माझ्या गिटारीत नाही. दोन पट्ट्यांच्या मधे पडतो. मी रघूला म्हटलं, जवळचा घे, चालतंय. तो म्हणाला, अक्काचा सूर हाये, मी बदलनार न्हाई. तार बाजूला ओढून ओढून तो सूर शोधत होता. ती जाड तात... फार जोर लागतो."

"मिळाला का त्याला?" मी विचारलं.

"गावी जायच्या आदल्या दिवशी. माझ्यासमोर सबंध गाणं वाजवलं. म्हणाला, सुगीहून आलो की अक्काला."

मी खुंटीवरची गिटार काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, तुम्ही ऐकलंय, तुम्ही वाजवा. त्यांनी तार ओढली, पुन्हा ओढली. मग गिटार खाली ठेवून डोळे पुसले. "माझी बोटं म्हातारी, बाई. तिथपर्यंत जात नाहीत."

म्हणजे ते गाणं मला आता कुणीच ऐकवणार नाही.

गिटार परत खुंटीवर आहे. तातीखाली, तिसऱ्या सुराच्या जागी, दांडीचं लाकूड बोटानं झिजून उजळलंय. मी त्यावर बोट ठेवून पाहते. रोज सकाळी भाकरी थापते, आणि हात अजून त्याच्यासाठी दमानंच पडतात. गाणंही ओठांवर येतं. आईकडून आलेलं, जन्मात कधी चुकलं नव्हतं. आता तिसऱ्या सुरापाशी माझाच गळा अडखळतो... रोज, त्याच जागी. आणि शेण खाल्लंस म्हणायला घरात कुणी नाही.