मनोहरचं सातवं रीळ

मृत्यू हा कलावंताचा अखेरचा गुरू असतो, असं मनोहरच्या शोकसभेत एका वक्त्यानं सांगितलं आणि सभेनं माना डोलावल्या. वक्त्याला मनोहरचा धंदा ठाऊक नसावा. मनोहरच्या बाबतीत मृत्यू गुरू वगैरे कुणी नव्हता. गिऱ्हाईक होता, महिन्यातून दोन-तीनदा येणारं. जळगाव जामोदला एस.टी. स्टँडसमोर त्याचा फोटो स्टुडिओ. आमच्याकडे धडधाकट माणूस फोटो काढायला जात नाही. तो गेल्यावर घरच्यांच्या लक्षात येतं, की भिंतीवर लावायला काहीच नाही. मग कुणीतरी सायकल हाणत स्टुडिओवर येई आणि मनोहर पेटी उचलून निघे. मयताला भिंतीशी टेकवून बसवायचं, तोंड पुसायचं, केस विंचरायचे, हनुवटी उजेडाकडे वळवायची. आणि पुढे स्टुडिओत बारीक कुंचल्यानं मिटल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवायचे. सातपुड्याच्या पायथ्याच्या कितीतरी घरांतले आजोबा भिंतीवरून नातवंडांकडे पाहतात, ते डोळे मनोहरचे आहेत. जिवंत गिऱ्हाइकाला तो “हालू नोका” असं अशा आवाजात बजावे, की स्टँडवर गाडीत चढणारी माणसंही जागच्या जागी थांबत. मेलेल्यांना अर्थात तसं सांगावं लागत नसे.

तो गेल्याचा निरोप मला शाळेत, पाचव्या तासाला आला. दुपारी जेवून जरा आडवा झाला, तो उठलाच नाही. त्याला आता पाच आठवडे झाले. शोकसभेत त्याच्या सिनेमाबद्दल बरंच बोललं गेलं. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नव्हता. मी पाहिला होता, शिवाय लिहिलाही होता, त्यामुळे त्याबद्दल आदरानं बोलणं मला जरा जड जातं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मनोहरची एकुलती एक मुलगी विमल तेव्हा पंधरा वर्षांची होती. थंडीत तिला ताप येऊ लागला, मग खोकला, मग एके दिवशी खोकल्यातून रक्त. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी छातीचा क्ष-किरण फोटो काढला. मनोहरनं तो खिडकीच्या उजेडात धरला आणि धंद्याच्या सवयीनं आधी “निगेटिव्ह साफ आली” असं म्हणाला. मग डॉक्टर काय सांगताहेत ते त्याच्या कानात शिरलं आणि तो तिथल्या स्टुलावर बसला... क्षय. रोज इंजेक्शन सुरू झालं. गुण येईल का, याचं उत्तर डॉक्टर देत नव्हते.

महिनाभरानं तो खामगावला गेला आणि एका गावोगाव सिनेमे दाखवत फिरणाऱ्या प्रचारगाडीवाल्याकडून चावी देऊन चालणारा जुना सिनेमाचा कॅमेरा घेऊन आला. मला बोलावून म्हणाला, पंधरा वर्षांच्या आजारी पोरीची गोष्ट लिहून द्या. ना कंपनी, ना नट-नट्या. आपलं आपण काढू. मी विचारलं, हे आत्ता काऊन सुचलं? तो कुंचले पुसत होता. मान वर न करता म्हणाला,

“हिचे डोळे मले रंगवाचे नाहीत, मास्तर.”

मी गोष्ट लिहिली. त्या काळी माझी समजूत होती, की शोकान्त लिहिला नाही तर आपण वाचलेली सगळी पुस्तकं फुकट गेली. तेव्हा मी शेवटी मुलीला मारलं, आणि फार सुंदर मारलं. मनोहरनं शेवटचं पान वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मनोहरची बायको, आमच्या वहिनी, मात्र बोलल्या. आजार लपवण्यासाठी त्यांनी विमल मामाकडे गेल्याचं शेजारी सांगून ठेवलं होतं, आणि इथे ओसरीवर कॅमेरा उभा. “साऱ्या गावाले दाखवून राह्यले तुम्ही. मंग हिले पसंत करीन कोण?” मनोहर म्हणाला, “करणारा मंग पाहू. आधी पोरगी तं राहू दे.”

शूटिंग ओसरीवर चाले. विमल बाजेवर, मनोहर तिपाईमागे, आणि मी ओसरीच्या पार टोकाला. पुस्तकातल्या क्षयी नायिका मला फार आवडत. पण त्या माझ्या दिशेनं खोकत नसत. रोज इंजेक्शन द्यायला येणारे हमीदभाई कंपाउंडर सिनेमात स्वतःचंच काम करत होते, पण त्यासाठी अचकन घालून येत. सुई हळू टोचा, असं विमल म्हणाली की “बेटी, शूटिंग चालू है” असं तिला दटावत. रीळ तीन-चार मिनिटांचं, धुवायला टपालानं मुंबईला जाई आणि तीन आठवड्यांनी परत येई. विमल वेणी घालते, विमल आईशी भांडते, विमल औषध तोंडात धरून कुंडीत थुंकते... माझ्या गोष्टीत यातलं काहीच नव्हतं. सहा रिळं अशी गेली. शेवटाचा विषय काढला की मनोहर आभाळाकडे बघे आणि म्हणे, आज उजेड बरोबर नाही. वैशाखातही त्याला उजेड कमी पडू लागला, तेव्हा मी त्याला टोमणे मारायला सुरुवात केली. आज त्याची लाज वाटते. पण मी हेडमास्तरांना सिनेमा दाखवण्याचा शब्द देऊन बसलो होतो. शेवटी विमलच वैतागली. “एकदाचं मारून टाका न बाबा मले. किती दिवस नुसतीच खोकू?”

मग एका दुपारी ठरलं. विमलला काही शिकवावं लागलं नाही. ती स्टुडिओत वाढलेली. मेलेली माणसं फोटोत कशी असतात, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. हात पोटावर, पावलं जुळवलेली, ओठ किंचित सुटलेले. मनोहर जवळ गेला. त्यानं तिच्या तोंडाचा कोपरा रुमालानं पुसला, केस विंचरले, हनुवटी दोन बोटांनी उजेडाकडे वळवली. मागे येऊन चावी दिली, खटका अडकवला. कॅमेरा घरघरू लागला. पाच-सात सेकंद गेले असतील. विमलनं डोळे उघडले.

“बाबा, तुम्ही मले ‘हालू नोको’ म्हटलंच नाही.”

मनोहरचा हात तिपाईवर होता, तो तसाच राहिला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. तो म्हणाला, “ऊठ माय.”

“म्हंजे? मी मेली का नाही?”

“जेवाले जाय. आई वाढून राह्यली.”

ती कुरकुरत उठली, भिंतीला धरत आत गेली. मनोहर पायरीवर जाऊन बसला. कॅमेरा बंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. चावी संपेपर्यंत तो एकटाच चालत राहिला. आतून वहिनींचा आवाज आला, की हिनं आज दुसरी भाकर मागितली. वहिनी पुढे कित्येक वर्षं त्या भाकरीपासून उतार पडला असं सांगत. डॉक्टरांच्या मते तो इंजेक्शनांमुळे पडला आणि महिनाभर आधीच सुरू झाला होता.

सातवं रीळ धुऊन आलं, तेव्हा विमल बाजेवर पडलेली आणि मग उठून जाताना दिसते तो सगळा तुकडा मनोहरनं कात्रीनं कापला आणि चुलीत घातला. घरभर अशी घाण सुटली, की वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. उरली ती नुसती बाज. दुसरा शेवट काढू म्हटलं, तर दिवाळीपर्यंत विमलचे गाल इतके वर आले, की आधीच्या सहा रिळांतली मुलगी ती नव्हेच असं वाटे. नायिकेची तब्येत सुधारल्यामुळे आमचा सिनेमा अपुरा राहिला.

तरी तो एकदा शाळेच्या हॉलमध्ये दाखवला. मुका सिनेमा, पडद्याशेजारी उभं राहून मी मजकूर वाचत होतो. प्रमुख पाहुणे, जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेले एक पुढारी, चौथ्या रिळाला आले. पडद्यावर शेवटी रिकामी बाज दिसली, बराच वेळ दिसत राहिली, आणि दिवे लागले तेव्हा पाहुण्यांच्या हातात रुमाल होता. ते उठले. ही कोवळी कळी आज आपल्यात नाही, असं म्हणाले, आणि दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहण्याची त्यांनी सभेला विनंती केली. सगळा हॉल उभा राहिला. मुलींच्या रांगेत विमलही उभी राहिली, मान खाली घालून. मी खुलासा करायला पुढे सरकलो, तर मनोहरनं माझी बाही धरली. “राहू द्या मास्तर.” तो पाहुण्यांकडे पाहत नव्हता. सहा महिन्यांपूर्वी भिंतीला धरून चालणारी त्याची पोरगी कुणाच्याही आधाराशिवाय दोन मिनिटं उभी होती, तिकडे पाहत होता.

त्या श्रद्धांजलीचा एक फायदा झाला. क्षयानं गेली ती मनोहर फोटोवाल्याची थोरली, आणि ही धाकटी, असं निम्म्या तालुक्याचं मत झालं. विमलला पाहायला मुलांकडचे पाहुणे येऊ लागले. थोरलीबद्दल कुणी हळहळलं की वहिनी मौन पाळत, दोन मिनिटांहून पुष्कळ जास्त. अमडापूरच्या मुलाला मात्र मनोहरनं बाजूला नेऊन सगळं खरं सांगितलं, आणि तिथेच लग्न झालं.

गेल्या रविवारी विमलचा निरोप आला म्हणून स्टुडिओवर गेलो. ती आपल्या लहान मुलाला सांभाळत बाबांची मागची अंधारी खोली आवरत होती. तो मुलगा सारखा दारातून उजेडाकडे पळू पाहत होता, आणि ती त्याला ओढून धरत होती. पावलोपावली हात लावावा आणि तसाच मागे घ्यावा, अशी ती खोली... ताटल्या, कुंचले, औषधांचा आंबट वास. फळीवर रिळांचे सात डबे होते. शोकसभेतल्या एका विद्वानानं सिनेमातली रिकामी बाज म्हणजे मानवी अस्तित्वाच्या नश्वरतेचं प्रतीक असल्याचं सांगितलं होतं. मला ते जवळजवळ पटलं होतं. मी सातवा डबा खाली काढून धूळ पुसली. झाकणावर मनोहरनं, प्रत्येक निगेटिव्हवर लिही तशीच, पेन्सिलीनं नोंद केली होती : “रीळ ७. बाज. विमल जेवाले गेली.”