भगवंतरावांचे दात

पहिल्यांदा पाहिले तेव्हा भगवंतराव स्कूटरशेजारी उकिडवे बसले होते आणि त्यांच्या तोंडात स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ होती. टोक चालू इंजिनावर टेकवलेले, डोळे मिटलेले. हैदराबादेत तारनाक्याच्या आमच्या इमारतीच्या अंगणात दर रविवारी सकाळी हा कार्यक्रम चाले आणि बाल्कन्यांतून लोक चहा पीत तो बघत. मी पुण्याहून इथे विद्यापीठात शिकवायला आलेलो. डोळे मिटून केलेल्या कुठल्याही गोष्टीचा मला संशय येतो. हे नाटक आहे, असे मी घरी जाहीर करून टाकले.

भगवंतराव रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. घराणे चार पिढ्या हैदराबादेत. मराठी बोलताना मध्येच ‘हौ’ आणि ‘नक्को’ डोकावत. साठ सालच्या आसपासची ती राखाडी स्कूटर त्यांनी भंगारातून उचलली होती. पत्रा ठोकून सरळ केला, न मिळणारे भाग लेथवर स्वतः कातले. दात कशाला लावता, असे विचारले तेव्हा म्हणाले, “कान खोटं बोलतो, साहेब. त्याला जे ऐकायचं तेच ऐकतो. दात खोटं बोलत नाही.”

वाक्य मला जरा जास्तच घोटीव वाटले. मग एकदा मी जिन्यात त्यांना मागून तीन हाका मारल्या आणि ते शांतपणे खाली उतरत राहिले. त्यांच्या दारात उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, “समोर जाऊन बोला, भाऊजी. दोन्ही कान कधीच गेले. ओठ बघून उत्तरं देतात. मशीन आणलंय, ते डबीत झोपलंय. म्हणे त्यात पंखा ऐकू येतो, गाडी नाही.” गाडीचा आवाज त्यांच्यापर्यंत खरोखरच फक्त दातांतून पोचत होता. घरी जाहीर केलेले मत मी मागे घेतले. अर्थात जाहीरपणे नाही.

हे सगळे हिवाळ्यातल्या एका रविवारसाठी. सिकंदराबादच्या एका मैदानावर जुन्या स्कूटरवाल्यांचा मेळावा भरे. फेटे, फीत, प्रमुख पाहुणे, सगळे यथासांग. वेगाच्या शर्यतीत भगवंतरावांना रस नव्हता. “पळवायला काय, उतारावर गाडगंपण पळतं,” असे ते म्हणत. त्यांची शर्यत संथ चालवण्याची. पन्नास पावलांचे अंतर, शेवटी पोचेल तो पहिला. पाय टेकला किंवा इंजिन बंद पडले की बाद. सलग पाच वर्षे ती त्यांचीच होती.

सहाव्या वर्षी हिरड्या सुजल्या. शर्यत होईपर्यंत थांबा, असे ते डॉक्टरांना विनवत राहिले. गाल लिंबाएवढा झाला तेव्हा वहिनींनी ऐकले नाही. वरचे पुढचे दात गेले, कवळी आली. कवळीतून नुसती घरघर येई. कानामागचे हाड, कपाळ, हनुवटी, सगळीकडे मूठ लावून झाली, ठोका कुठेच सुटा येईना. “गाडी ऐकू येत नसेल तर तिच्यावर बसू कशाला?” असे म्हणून त्यांनी स्कूटरवर चादर टाकली. वहिनी म्हणाल्या, त्या आठवड्यात ते घरात कुणाच्या ओठांकडेही बघेनात.

शर्यतीच्या आदल्या रविवारी ते माझ्या दारात आले. हातात धुऊन रुमालात गुंडाळलेला स्क्रूड्रायव्हर.

“साहेब, तुमचे दात खरे आहेत ना?”

अंगणात मी मूठ दातांत धरली आणि सगळी कवटी इंजिन झाली. तोंड अडकलेले, त्यामुळे ठोका चुकला की मी बोट वर करायचे, ते कार्ब्युरेटरचा स्क्रू केसभर फिरवायचे. बाल्कन्या भरत गेल्या, माझी नजर सारखी वर जाऊ लागली. कुणीतरी म्हणाले, “प्रोफेसरसाबभी कामाला लागले.” जबडा दुखत होता. अधूनमधून एखादा ठोका अजून गळत होता. मी बोट वर केले नाही. मान हलवली, झाले म्हणून.

मैदानावर प्रमुख पाहुण्यांचे भाषण शर्यतीपेक्षा संथ झाले, पण त्याला बक्षीस नव्हते. भगवंतराव इतके हळू निघाले की चाकावरची धूळ मोजता आली असती. बाकीचे पुढे गेले, एकेक करून रेषा ओलांडून थांबले. भगवंतरावांना फक्त पोचायचे होते. रेषा चार पावलांवर असताना इंजिनाने एक ठोका गिळला आणि ते बंद पडले. त्यांनी पाय टेकला.

मी समोर जाऊन, ओठ नीट दिसतील असा उभा राहिलो आणि माझ्याकडून एक ठोका राहिला होता, हे सांगितले. त्यांनी फक्त हँडल पुसले.

“हौ,” ते म्हणाले. “दात खरं बोलले असतील. बोट नाही बोललं.”

पुढच्या रविवारी दार वाजले. धुतलेला स्क्रूड्रायव्हर, तोच रुमाल.

“चला,” भगवंतराव म्हणाले. “आज वर बघायचं नाही.”