सखाराम खलाशी, माझी मावशी

सखूमावशी पाय फाकवून चालायची, जमीन कधीही हलेल अशा तयारीने. पेणच्या बाजारात लोक हसत. तिला त्याचं काही नसे. "मचव्याची सवय हाय गो, जात नाय," म्हणायची.

ती माझी रक्ताची मावशी नव्हे. तिचं घर कासूजवळ. तरुणपणीच नवरा वारला आणि ती भावाकडे परतली. भाऊ धरमतर बंदरातून मुंबईला तांदूळ नेणाऱ्या शिडाच्या मचव्यावर खलाशी होता. ऐन हंगामाच्या तोंडावर तो तापाने अंथरुणाला खिळला. जागा गेली असती, आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. मावशीने केस कापले, भावाचे कपडे चढवले, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि "मी धाकटा भाऊ, सखाराम" असं मचवा चालवणाऱ्या तांडेलाला सांगून कामावर उभी राहिली.

"तोंड मिटून राहायची. दोर ओढायला जीभ लागत नाय," ती सांगे. खलाशी सखारामला घुमा म्हणत, पण डोलकाठीवर सगळ्यांच्या आधी तोच चढे. पुढे भाऊ बरा झाला, दुसऱ्या मचव्यावर लागला, तरी ती उतरली नाही. समुद्राने तिला धरून ठेवलं होतं.

माझी आई पहिल्या बाळंतपणाला मुंबईला माहेरी निघाली होती. लाँच बंद, म्हणून माझ्या शाळामास्तर वडिलांनी तिला याच मचव्यावर बसवलं आणि स्वतःही सोबत निघाले. अर्ध्या वाटेत वारा पडला आणि आईला कळा सुरू झाल्या. आजूबाजूला सगळे पुरुष. वडिलांना काही सुचेना. तांडेल ओरडला, "सखाराम, वल्हं मार!"

"वल्हं तुम्ही मारा. मी बाई हाय," सखाराम म्हणाला, आणि डोक्याचं फडकं सोडून आईजवळ बसला.

त्याच फडक्यात मला गुंडाळलं. परतल्यावर तांडेलाने मावशीला धरमतरलाच कामावरून कायमचं उतरवलं. वडिलांनी खूप विनवलं. "बाकीचे तांडेल हसतील मला," एवढंच तो म्हणाला.

"वाईट वाटलं नाही तुला?" मी एकदा विचारलं.

"वाटलं ना. अजून वाटतं. तू समोर आलीस का कमी होतं."

पुढे रोह्याच्या कंपनीत मला नोकरी लागली. शिफ्टची नोकरी म्हणून वडील नको म्हणत होते. मावशी कासूहून येऊन ओटीवर बसली. "मला सखाराम व्हावं लागलं, मास्तर. ही आपल्या नावानं जाते. जाऊ द्या तिला." पहिल्या दिवशी वडीलच मला स्टँडवर सोडायला आले.

मावशी वारली तेव्हा मी कामावरून तशीच धावले. तिरडी उचलत होते. मी पुढे झाले, तर कोणीतरी म्हणालं, "बायका खांदा देत नायत." तिरडीच्या पुढच्या दांडीला खांदा देऊन एक थकलेला म्हातारा उभा होता. तोच तांडेल. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि आपला खांदा काढून घेतला.

"ये गो," तो म्हणाला. "हितं धर."