टाकीच्या तळाचं तेल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती हसेल म्हणून नव्हे — ती हसणार नाही, म्हणून. पंचवीसेक वर्षं होत आली. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. कदाचित म्हणूनच तुमच्यापुढं तोंड उघडतंय.

गोष्ट तेलाची आहे. मोटरसायकलच्या तेलाची. एवढ्याशा तेलापायी माणूस इतकी वर्षं गप्प बसतो का, असं वाटेल तुम्हाला. वाटू दे. मीही बरीच वर्षं स्वतःची तशीच समजूत घालत होतो.

आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, एक जुनी टू-स्ट्रोक गाडी होती. दोन सायलेन्सरची, वयानं माझ्याहून मोठी. आमच्या गावाच्या, न्हावऱ्याच्या, वेशीत तिचा आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची. त्या गाडीला जिवंत ठेवलं होतं शिरूरच्या इब्राहिमचाचांनी. एसटी स्टँडच्या मागं त्यांचं पत्र्याचं गॅरेज. नवी गाडी नेली तर चहा पाजून दुसऱ्या मेकॅनिककडं पाठवायचे, जुनी टू-स्ट्रोक दिसली की स्टूल पुढं सरकवून आधी विचारायचे, "काय पाजताय हिला?"

कारण या इंजिनांचं असंच असतं. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पेट्रोलसोबत ते आत जातं, पिस्टनला माखतं आणि धूर होऊन बाहेर पडतं. तेल चुकलं की पिस्टन कोरडा पडतो, तापतो, जागीच चिकटतो. चाचा तेलाचा थेंब दोन बोटांत चोळून, हुंगून ते कशाचं आहे हे सांगायचे. डब्यात पेट्रोल आणि तेल घालून शंभर आकडे होईपर्यंत हलवायचे, मगच टाकीत ओतायचे. मध्ये कुणी हाक मारली तर बोट वर करून थांबवायचे. फार गोड दिसायचे तेव्हा — एवढा मोठा माणूस, ओठ हलवत आकडे मोजणारा.

मी तेव्हा रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअरला होतो. तेलाची बॅरलं माझ्या ताब्यात, ग्रेडचे नंबर तोंडपाठ. चोवीस वर्षांचा होतो आणि शहाणा — अतिशहाणा. कधी आबा मला गेटवर सोडायला आले की मागं निळा धूर, आणि मित्र नाकं दाबायचे. मी चाचांकडं कुरकुर केली तर हसून म्हणाले, "निघू दे की रं धूर. तेल पोचतंय, त्याची खूण हाय ती." मला ते अडाणी वाटले. आता सांगताना लाज वाटते. पण वाटले.

त्या हिवाळ्यात चाचांनी आबांचं इंजिन पूर्ण खोललं. नवा पिस्टन, नव्या रिंगा. पंधरा दिवस लागले. गाडी देताना बजावलं — नवा पिस्टन आहे, सुरुवातीला तेल जरा सढळ घाला, आणि मी देतोय तेच घाला. पुढच्या रविवारी आबांना दौंडला निघायचं होतं, माझ्या थोरल्या बहिणीकडं. "टाकी तेवढी भरून ठेव," म्हणाले.

मी भरली. काय घालून भरली? — इथं आलो की मी दर वेळी थांबतो.

कंपनीतून आणलेलं तेल घातलं. मोठ्या मशीनच्या गिअरबॉक्सचं. घट्ट, पिवळंधमक, भारीतलं. घट्ट आहे म्हणजे जास्त टिकणार, मग निम्मंच पुरे, धूरही कमी — असा माझा हिशेब. डबा हलवला नाही. डबाच घेतला नाही. सरळ टाकीत ओतलं.

दौंडच्या थोडं अलीकडं इंजिन जाम झालं. मागचं चाक जागीच बसलं आणि आबा रस्त्यावर आपटले. उजवं मनगट मोडलं.

आई दौंडला धावली, गाडी टेम्पोनं घरी आली. घरात मी एकटा. मी टाकी रिकामी करायला घेतली. तळाशी साचलेला पिवळा गोळा आधी सावकाश बाहेर आला, आणि त्याच्यामागून आलं स्वच्छ पेट्रोल. दोन्ही एकजीव झालीच नव्हती; इंजिनाकडं जाणारी नळी टाकीच्या तळाहून बोटभर वर असते, तिच्यात तेल शिरलंच नव्हतं. नव्याकोऱ्या पिस्टननं वाटभर कोरडं पेट्रोल प्यायलं होतं. ते सगळं मी गोठ्यामागच्या उकिरड्यावर ओतलं. टाकी दोनदा धुतली. मग चाचांच्या तेलाचं नवं मिश्रण केलं — या वेळी डबा हलवला. शंभरपर्यंत मोजलं.

दुसऱ्या दिवशी चाचा पहिल्या एसटीनं आले. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी इंजिन खोललं. पिस्टनवर उभे ओरखडे. त्यांनी टाकीतला थेंब चोळला, हुंगला. पुन्हा हुंगला. तेल बरोबर होतं. मग पिस्टन मांडीवर घेऊन एकेका ओरखड्यावरून नख फिरवत राहिले.

"जागा कमी ठिवली म्या," शेवटी म्हणाले. "पिस्टन बसवताना. तापून फुगला, अन् चिकटला. डोळं गेलं माझं."

मी शेजारी उभा होतो, त्यांच्यासाठी केलेला चहा हातात धरून. बोललो का? नाही. आबा काय म्हणतील, कंपनीतलं तेल उचललं हे कळलं तर काय — कारणं शोधली की सापडतात. मी चहा पुढं केला.

त्यानंतर चाचांनी इंजिन खोललं नाही. कुणाचंच नाही. लांबलांबून लोक जुन्या गाड्या घेऊन यायचे, ते हात जोडायचे. पंक्चर, चेन, केबल — तेवढंच. आबांनी त्यांना कधी शब्दानं दुखवलं नाही. पण "मिस्त्रीला आता दिसत न्हाई बिचाऱ्याला," असं कळवळ्यानं चारचौघांत सांगायचे. मी ऐकायचो. शिरूरला गेलो की चाचांकडं आवर्जून थांबायचो, आईनं दिलेलं ताजं तूप न्यायचो. त्यांना वाटायचं, एवढं होऊनही पोरानं माया तोडली नाही. माझा जीव होता त्यांच्यावर, हे खरं आहे. जीव असून मी गप्प राहिलो, हेही.

काही वर्षांनी आबा गेले. दहाव्याला चाचा आले होते. थकले होते खूप. पुढं दोन वर्षांत तेही गेले. त्या दहाव्याला माणसं पांगल्यावर चाचांनी मला बाजूला बोलावलं.

"आबा मनात धरून तर गेलं न्हाईत ना रं? माझ्यापायी हात मोडला त्यांचा."

तेव्हाही सांगता आलं असतं. आबा नव्हते, कंपनी मी केव्हाच सोडली होती. कुणाची भीती उरली होती? समोर फक्त चाचा होते, आणि त्यांना एवढंच हवं होतं.

"न्हाई चाचा," मी म्हणालो. "आबांनी तुम्हाला कवाच माफ केलं. म्या बी."

त्यांचे डोळे भरून आले. माझे दोन्ही हात धरून त्यांनी ते आपल्या कपाळाला लावले.

मी लावू दिले.