आईच्या ओट्यावरचा उजेड

माझा धाकटा भाऊ विकाऊ घरांचे फोटो काढतो. कोंदट खोलीसुद्धा त्याच्या फोटोत ऐसपैस दिसते, म्हणून दलाल त्याला डोक्यावर घेतात. खोलीत शिरला की आधी सगळे दिवे बंद करतो, कारण ट्यूबचा पांढरा आणि बल्बचा पिवळा उजेड मिसळला की भिंती आजारी दिसतात. मग कॅमेरा स्टँडवर ठेवून, फ्लॅशचं तोंड छताकडे करून, एकाच जागेवरून कमी-जास्त उजेडाचे फोटो घेतो. एकात खिडकीबाहेरचं नीट येतं, एकात खोली, एकात कोपरे. घरी बसून ते एकत्र करतो. या कसबाचा त्याला भारी ताठा.

वडील गेल्यावर थोरल्याने राहतं घर विकायला काढलं. घर त्याच्या नावावर, त्यामुळे आम्ही मूग गिळून बसलो. आईला मात्र तिथून हलायचं नव्हतं. "चार-सहा महिन्यांत गिऱ्हाईक नाही मिळालं तर विषय सोडतो," एवढंच थोरला म्हणाला. फोटो काढायला अर्थात धाकट्यालाच सांगितलं.

आईने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. मीही तिथेच होते.

"असे काढ बाबा, की कुणी फिरकलंच नाही पाहिजे."

"काळजी करू नकोस. पार भूतबंगला करून ठेवतो," तो म्हणाला. आई कितीतरी दिवसांनी हसली.

त्याने काढलेही तसेच. सगळे दिवे लावले, फ्लॅश सरळ समोर मारला. खिडकी पांढरी फटक, ओटा काळाकुट्ट. मला हायसं वाटलं. पण निघता निघता तो थांबला, दिवे बंद केले, पडदा सारला. "एक आपला आठवणीसाठी," म्हणाला आणि सगळ्या खोल्या पुन्हा काढत बसला.

त्यातले कोणते त्याने थोरल्याला पाठवले ते मला जाहिरात बघितल्यावर कळलं. फोनवर मी त्याला फाडून खाल्लं.

"ताई, फोटोखाली माझं नाव येतं," तो म्हणाला. "तसले फोटो बघून उद्या मला काम कोण देईल?"

परगावच्या एका गिऱ्हाइकाने फोटो बघूनच घर घेऊन टाकलं. धाकट्याच्या त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आई आता थोरल्याकडे मागच्या खोलीत असते. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे दिवसाही दिवा लागतो. परवा धाकटा कामावरून परस्पर तिला भेटायला आला. आईने उशाखालून जाहिरातीचा कागद काढला. त्यात तिचा ओटा लख्ख होता आणि मागचं झाड पानापानांसकट दिसत होतं.

"जन्मभर तिथे राबले," ती म्हणाली, "पण ओट्यावर एवढा उजेड कधी बघितला नाही."

त्याने कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली.

"कॅमेरा आणलायस ना? मग या खोलीचाही असाच काढ. हीसुद्धा कुणीतरी घेईल, मग मला घरी सोडतील."

आणि हा शहाणा खरंच उठला. आधी त्याने खोलीतला दिवा बंद केला.