होडी कुणाची?

तारापूरजवळच्या दांडीच्या बंदरावर एक रीत होती. होडी बांधणारा माणूस होडीला कधी 'माझी' म्हणत नसे. सहा सहा महिने घाम गाळून फळीला फळी जुळवायचा, पण कुणी विचारलंच तर नाव सांगायचा मालकाचं. ज्याचं लाकूड त्याची होडी. याहून वेगळं बोलणारा सुतार आगाऊ ठरे, आणि आगाऊ सुताराला पुढचं काम कोण देणार? जिवल्या सुतार याच रीतीत वाढला आणि या रीतीनंच त्याचा घात केला. म्हणजे थोडा रीतीनं, बाकीचा आनंदा नावाच्या माणसानं.

पासष्ट सालच्या पावसाळ्याआधी जिवल्या अर्ध्या बांधलेल्या होडीवरून खाली आला आणि कंबरेचं हाड मोडून बसला. हाड जुळलं, पण जड लाकूड उचलणं कायमचं संपलं. त्याची बायको दमयंती मासळीची पाटी घेऊन तारापूरच्या नव्या वसाहतीत जाऊ लागली आणि हा पडवीत बसून लोकांची फाटकी जाळी विणू लागला. हात शाबूत, नजर शाबूत, आणि बायकोच्या पाटीवर पोट. 

आनंदा आला तो त्या पाटीचा माग काढतच. साताऱ्याकडचा गडी, अणुवीज केंद्राच्या बांधकामावर एका कंत्राटदाराचं स्टोअर सांभाळायचा आणि पापलेटासाठी जीव टाकायचा. एका रविवारी त्यानं बरोबर एक खोका आणला. मायदेशी परतणाऱ्या अमेरिकन इंजिनिअरनं तो त्याला देऊन टाकला होता. आत लढाऊ बोट होती, पण प्लॅस्टिकच्या दोनअडीचशे तुकड्यांत. एकेक तुकडा सुटा करून चिकटवायचा. आनंदानं प्रयत्न केला होता आणि बोटीची तोफ स्वतःच्या अंगठ्याला चिकटवून घेतली होती. तोफ निघाली, सोबत कातडीही निघाली.

जिवल्याला इंग्रजी कागदाची फारशी गरज पडली नाही, चित्रं पुरली. पण बोटीच्या अंगाचे दोन अर्धे भाग एकमेकांवर ठेवले तर मधे केसभर फट राहत होती. तिथंच तो अडला.

"पानी घेल ही," तो म्हणाला.

आनंदा पोट धरून हसला. ही कपाटात राहणार, पाण्यात नाही, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. जिवल्यानं ऐकून घेतलं आणि दोन दिवस काचकागद घासत बसला. उरलेल्या प्लॅस्टिकचा चुरा गोंदात विरघळवून ती फट त्यानं अशी भरली की नखालाही लागू नये. डोलकाठीच्या दोऱ्या खोक्यात नव्हत्याच. त्यानं नायलॉनच्या जाळ्याचा धागा सोडवून त्याचा एकेक तंतू ओढून बांधला.

चार महिने दर रविवारी आनंदा यायचा, कागद वाचून दाखवायचा, जेवायचा आणि ढेकर देऊन म्हणायचा, "दादा, पुढच्या खेपेला आपण तोफा बसवू. आपली बोट बघून लोक तोंडात बोटं घालतील." सगळं आपण आणि आपली. जिवल्याला त्या शब्दांनी बरं वाटायचं. कंबर मोडल्यापासून त्याला कुणी कशात धरलं नव्हतं.

जानेवारीत आनंदा खरी बातमी घेऊन आला. सव्वीस तारखेला वसाहतीत प्रदर्शन होतं. येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला ऑफिस अख्ख्या केंद्राची छोटी प्रतिकृती करून घेणार होतं आणि त्यासाठी बारीक हाताचा माणूस कायम नोकरीवर हवा होता. टेबलाशी बसून करायचं काम. मोठे साहेब प्रदर्शनातूनच माणूस निवडणार होते. आनंदा म्हणाला, "ते काम तुझंच, दादा. साहेबांशी मी बोलतो." दमयंतीनं त्याच दिवशी नारळ बोलून ठेवला.

प्रदर्शनात जिवल्या धुतलेला सदरा घालून टेबलामागे उभा राहिला, शेजारी आनंदा. मोठे साहेब पुण्याचे. बोटीपुढे येऊन वाकले, चष्मा काढून पुन्हा वाकले. मग त्यांनी जिवल्याकडेच पाहून विचारलं, "ही बोट कुणाची?"

खोका कुणाचा? आनंदाचा. मग जिवल्याच्या तोंडून दुसरं काय येणार?

"आनंदाभाऊंची, साहेब."

साहेबांनी आनंदाच्या खांद्यावर हात ठेवला आणि असा हात आपण आजवर पाहिला नाही म्हणाले. हात म्हटल्यावर जिवल्याच्या डोक्यात लख्ख झालं की साहेबांनी मालक नव्हे, बनवणारा विचारला होता, पण साहेब मोठे, मधे कसं बोलायचं? शिवाय आनंदा होताच की बोलायला. त्यानं आनंदाकडे पाहिलं. आनंदानंही एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग साहेबांना म्हणाला, "थँक्यू, सर."

माणसाचा गळा कापायला सुरी लागते हा गैरसमज आहे. नुसतं थँक्यू पुरतं.

जिवल्या तरीही वाट बघत राहिला. आनंदाभाऊ सवडीनं सांगेल, असं मनाशी म्हणाला. तीन आठवड्यांनी दमयंतीच बातमी घेऊन आली. ती नोकरी आनंदाला लागली होती, तो नव्या खोलीत बसला होता, डोक्यावर पंखा होता आणि रविवारी यायला त्याला आता फुरसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी जिवल्या लंगडत तिथं पोहोचला. आनंदा हळू आवाजात म्हणाला, "मी काय खोटं बोललो? नाव तूच सांगितलंस. मी फक्त गप्प बसलो." त्याच्यामागे उघड्या कपाटात बोट होती, खाली आनंदाच्या नावाची चिठ्ठी. नेताआणताना डोलकाठीची एक दोरी सैल पडली होती. सैल दोरी जिवल्याला बघवेना. त्यानं हात घातला आणि दोन बोटांनी ती ओढू लागला. तेवढ्यात साहेब आत आले.

"अहो, हात लावू नका. नाजूक काम आहे ते." मग आनंदाला विचारलं, कोण हे?

"मासळी देतात आमच्याकडे," आनंदा म्हणाला. आपण आणि आपलीतून आमच्याकडे यायला त्याला महिनाही लागला नव्हता.

जिवल्या आयुष्यात कधी बोलला नव्हता ते बोलला. "बोट माजी हाय, साहेब."

साहेबांनी त्याला निरखून पाहिलं, ओळखलं आणि समजुतीनं हसले. "त्या दिवशी मी तुम्हालाच विचारलं होतं ना? तुम्हीच तर यांचं नाव सांगितलंत."

आनंदा खिडकीबाहेर बघत होता. जिवल्यानं दोरी सोडली.

घरी दमयंतीनं विचारलं तेव्हा तो इतकंच म्हणाला, "त्यांनी इचारलं होतं गो. मीच नाय बोललो." तिनं आनंदाला अशा शिव्या घातल्या की शेजारच्या बायका कामं टाकून आल्या, आणि त्या दिवसापासून दांडीत आनंदाला बोंबीलसुद्धा कुणी विकला नाही. पण पंखा त्याच्याच डोक्यावर फिरत राहिला.

जिवल्या पुढं बंदरावर बसून होड्यांच्या फटी भरू लागला, बसल्या बसल्या जमेल तेवढं. कुणी परका येऊन विचारायचा, होडी कुणाची? जिवल्या मान वर न करता मालकाचं नाव सांगायचा. 'माझी' हा शब्द त्यानं एकदा उच्चारून पाहिला होता, आणि तो कुणाला खरा वाटला नव्हता.